देवरावकाकांची अठ्ठावीस पानं

जबलपूरच्या फॅक्टरी इस्टेटमधली आमची लाइन पाडायला काढली आहे, असं कळलं होतं. तरी गेले. सदर बाजारातून ऑटो केली आणि ड्रायव्हरला जुन्या टाकीपाशी सोडायला सांगितलं. तो म्हणाला, कौन सी टंकी, अम्मा? खरंच टाकी नव्हती. जिथं ती होती तिथं उन्हाचा एक मोठा तुकडा पडला होता, आणि त्यापलीकडे आमच्या क्वार्टरांची रांग दारं-खिडक्यांशिवाय उभी होती. चौकटीसुद्धा काढून नेलेल्या. भिंतीवरचे काळ्या चौकोनातले पांढरे नंबर तेवढे शाबूत होते. आत चुन्याचा आणि लिंबोळ्यांचा वास. मी आमचं क्वार्टर पाहिलं, मग दोन दारं सोडून देवरावकाकांचं पाहिलं. आत मात्र गेले नाही. दार नसलेल्या घरात कसं शिरायचं ते मला कळेना.

जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटार. पोती भरभरून यायचा. दुपारी सगळ्या बायका लाइनीत उन्हाला पाठ करून बसायच्या, मांडीवर सूप, आणि टरफलांचे हिरवे ढीग वाढत जायचे. बोटांना तो कच्चा गोडसर वास दिवसभर राहायचा. माझ्या वह्यांनाही यायचा. संध्याकाळी भोंगा व्हायचा आणि फॅक्टरीच्या फाटकातून सायकली सुटायच्या, इतक्या की घंट्यांचा एकच आवाज व्हायचा, एखादी पाण्याची धार पत्र्यावर पडावी तसा. मग सिगड्यांचा धूर, बापांच्या कपड्यांना येणारा मशीनच्या तेलाचा वास, आणि प्रत्येक दारात वेगळी भाषा. आमच्या दारात मराठी. बाबा नागपूरहून नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. मग प्रांत मोडला, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, हे आम्हांला चप्पल घालण्याइतकं सवयीचं झालं होतं.

देवरावकाका बाबांच्याच वयाचे, फॅक्टरीत टर्नर. उंच, थोडे वाकलेले, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. ते पेटी वाजवायचे. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळातल्या आरत्या आणि भजनं त्यांच्या पेटीवर चालायची, आणि एवढ्या मोठ्या फॅक्टरीत लेथवर काम करून पेटी वाजवणारा तो एकच माणूस होता. त्यांची मुलगी कुंदा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आणि इंदूकाकू. काकूंना दमा आहे, असं सगळी लाइन म्हणायची. चांगल्या महिन्यांत त्या दारात बसून आम्हां मुलींना क्रोशा शिकवायच्या, त्यांच्या केसांना खोबरेल आणि कापूर यांचा वास यायचा. मग दोन-दोन महिने दिसायच्याच नाहीत. दमा आहे, कोणीतरी म्हणायचं, आणि तेवढ्यावर ते थांबायचं.

बी. ए. झाल्यावर मी एम. एस. डब्ल्यू.ला नाव घातलं तेव्हा लाइनीत हसू झालं. समाजसेवा शिकावी लागते का, असं लोक बाबांना विचारायचे. देवरावकाका हसले नाहीत. लोखंड कातायला तीन वर्षं उमेदवारी करावी लागते, मग माणसाचं काम न शिकता कसं येईल, असं ते बाबांना म्हणाल्याचं मला आठवतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता.

आमचा वर्ग एका लांब खोलीत भरायचा. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, उन्हाळ्यात त्यांवर पाणी मारलेलं, त्यामुळे सगळं शिक्षण माझ्या मनात ओल्या वाळ्याच्या वासाचं आहे. माणसाला आहे तसा स्वीकारावा. त्याचा न्याय करू नये. त्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर जाऊ देऊ नये. ज्याला मदत करायची त्याला हिंदीत 'सेवार्थी' म्हणायचं. मंगळवार आणि शुक्रवार फील्ड वर्क, त्याची नोंद रात्र पडायच्या आत लिहायची, आणि शनिवारी सरांसमोर एकटीनं बसायचं. सर किडकिडीत होते, खोकायचे, आणि लाल पेन्सिलीनं वाचायचे. माझ्या नोंदी व्यवस्थित असायच्या. तारीख, वेळ, काय विचारलं, काय सांगितलं. पहिलं वर्षभर सर त्या वाचून समासात एकच वाक्य लिहीत. "इसमें आदमी कहाँ है?"

त्या वाक्यानं मी आजारी पडायची बाकी होते. आमच्या वर्गात दुसऱ्या मुली होत्या, त्यांच्या नोंदींत माणसं रडत, भांडत, अंगावर येत. माझ्या नोंदींत माणूस नव्हता. मी कोरडी आहे, हे काम माझं नव्हे, अशी भीती मला शनिवार जवळ आला की वाटायची.

दुसऱ्या वर्षी मला फॅक्टरीच्या कामगार कल्याण कार्यालयात पाठवलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांत जास्त गैरहजर राहणाऱ्या कामगारांची यादी हातात दिली. त्यातला एक निवडायचा, वर्षभर त्याच्या घरी जायचं, आणि तो का येत नाही ते शोधायचं. यादीत तिसरं नाव देवरावकाकांचं होतं. मी ती यादी घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, यातलं कोणी ओळखीचं आहे का. ओळखीच्या माणसाची केस घ्यायची नाही, हा नियम होता.

"नहीं, सर," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला विचारलं. बाकीची नावं शहरातल्या घमापुरच्या गल्ल्यांतली होती, अनोळखी घरं, कदाचित दारू. इथं मला दार उघडं होतं. आणि मनाच्या तळाशी असंही होतं की काकांकडे मला माणूस सापडेल.

सुरुवातीला काही सापडलं नाही. मी मंगळवारी जायची, काका स्वतः चहा करायचे, कधी गुडघा दुखतो म्हणायचे, कधी पोट. मी अभ्यासाला आले आहे हे त्यांना मी सांगितलं होतं. त्यांना गंमत वाटायची. ते मला आधीपासूनच बाई म्हणायचे, ते माझ्या वहीकडे पाहून अजून जरा ठासून म्हणायला लागले. पौष लागला तेव्हा एका शुक्रवारी मी दारापाशी गेले तर आतून पेटीचा एकच सूर येत होता. गाणं नाही, नुसता एक सूर, लांब, श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा तोच. मी कडी वाजवली. सूर थांबला, आणि थांबल्याबरोबर आतून एक आवाज आला, जो माणसाचा आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला. काकांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, बाहेर लाइनीकडे पाहिलं, आणि मला आत घेतलं.

काकू जमिनीवर बसल्या होत्या. केस तेल लावून चापून विंचरलेले, भांग सरळ. नजर भिंतीवर, आणि दोन्ही हात हवेत काहीतरी विणत होते. काका त्यांच्याजवळ बसले, त्यांच्या पदराचं टोक मुठीत घेतलं, दुसऱ्या हातानं भाता ओढला आणि सुरावर बोट ठेवलं. काकू हळूहळू निवल्या. त्या सुराच्या आडून काकांनी मला सगळं सांगितलं. कुंदाच्या पाठचा मुलगा गेला तेव्हापासून अकरा वर्षं हे असं होतं. दिवस यायचे तसे जायचे. वाईट दिवसांत त्या उठून रेल्वेच्या रुळांकडे चालायला लागायच्या, एकदा दोन स्टेशनं पुढे सापडल्या होत्या. म्हणून अशा दिवशी ते कामावर जात नव्हते, दिवसभर पदर धरून बसायचे. कुंदाला त्यांनी बी. टी. आय.ला घातलं होतं, शिक्षिका व्हायला, आणि तिचं शिकणं एक दिवसही बुडू दिलं नव्हतं. काकूंची आंघोळ, विंचरणं, भरवणं सगळं तेच करायचे. डॉक्टरला दाखवलं होतं, तो ग्वाल्हेरला ठेवा म्हणाला. ग्वाल्हेरचं ते वेड्यांचं मोठं इस्पितळ काका एकदा बाहेरून पाहून तसेच परत आले होते.

मी रडत होते. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, हे कुठं लिहू नको. कुंदीचं नागपूरला जमून राह्यलं."

"आम्ही नाव लिहीत नाही, काका. आमचा पहिला धडाच तो आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. उठताना पदराचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते धरून बसले होते. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि त्यांच्या मुठीनं ओलसर.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा हात थांबेना. महिनाभर लिहीत गेले, प्रत्येक भेटीचं. अठ्ठावीस पानं झाली. काका मराठीत बोलायचे, मी शुद्ध हिंदीत उतरवायची, आणि मला वाटायचं ते उतरताना अधिक सुंदर होतं आहे. नाव बदललं. गाव बदललं. पेटी मी आधी काढून टाकली होती. काढल्यावर ती पानं पुन्हा माझ्या जुन्या नोंदींसारखी दिसायला लागली. मग मी पेटी परत घातली. टाकीजवळचं क्वार्टर घातलं, मुलीचं नागपूरला जमत असलेलं लग्न घातलं, मुठीतला पदर घातला. शनिवारी सरांनी ती पानं एका बैठकीत वाचली. लाल पेन्सिल उचललीच नाही. शेवटचं पान उलटून त्यांनी चष्मा काढला, रुमालानं डोळे पुसले. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे, आणि मला तो अजूनही आठवतो, हीच शिक्षा आहे.

वर्षअखेर परिसंवाद होता. शहरातल्या संस्थांचे लोक, कल्याण अधिकारी, दवाखान्यातले डॉक्टर. माझी नोंद वाचून दाखवायची ठरली. सरांनी मला विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. स्टेन्सिल कापून चाळीस प्रती काढल्या, काळ्या शाईचा ओला वास हातांना लागला. मी आईची पिवळी साडी नेसले होते. वाचताना हॉलमध्ये एकही खुर्ची वाजली नाही. वाचून झाल्यावर टाळ्या थांबेनात. एका बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला ते आवडलं. काका त्या दिवशी कामावर होते की घरी, हे माझ्या मनातही आलं नाही.

कल्याण कार्यालयातला एक मराठी कारकून आमच्याच लाइनीत राहायचा. त्यानं त्याची प्रत घरी आणली. त्याच्या बायकोनं ती वाचली. दोन दिवसांनी नळावर तिनं माझ्या आईला विचारलं, हे देवरावचंच नं? आई भरलेली बादली तिथंच ठेवून घरी आली आणि दार लावून घेतलं. तिनं मला काही विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर विचारायची गरज राहिली नाही. लग्नसराईचे दिवस होते, लाइनीतली निम्मी माणसं नागपूरला ये-जा करत होती. पंधरा दिवसांत कुंदाच्या होणाऱ्या सासरहून लग्न मोडल्याचं पत्र आलं. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं.

मी प्रती गोळा करायला निघाले. ते आठ-दहा दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. चैत्राचं ऊन, सायकलच्या सीटचे चटके, हातातली पाहुण्यांची यादी. ओमती भागात एका कचेरीच्या जिन्यावर मी दोन तास बसले होते, साहेब जेवायला गेले होते. आले तेव्हा म्हणाले, ती तर मी भोपाळला पाठवली, इतनी अच्छी चीज़ है. सदरमध्ये एका डॉक्टरांनी प्रत दिली, पण पहिली चार पानं नव्हती. ती कुठे गेली त्यांना सांगता येईना. घमापुरच्या एका संस्थेत त्या पानांवर चहाचे पेले ठेवलेले होते. एका बाईंनी प्रत परत द्यायला नकार दिला, मी वारंवार वाचते म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं मी आशीर्वाद मागते आहे, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चाळिसांपैकी तेवीस मिळाल्या. ज्यांनी वाचलं होतं त्यांच्या डोक्यातून ते काढता येणार नव्हतं हे मला कळत होतं, पण सायकलवरून उतरायची माझी हिंमत नव्हती. उतरले असते तर लाइनीत जावं लागलं असतं.

शेवटी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, ओळखीचंसुद्धा. ते फार वेळ खोकत राहिले. मग इतकंच म्हणाले, "मैंने तुमसे पूछा था।" रागानं नाही. कपाट उघडून त्यांनी स्वतःकडे उरलेल्या प्रती काढल्या आणि त्यांवर माझ्या हाताची मूळ अठ्ठावीस पानं ठेवली. म्हणाले, यह भी ले जाओ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते सगळं अंगणातल्या बंबात घातलं. कागद भराभरा जळाले, पाणी लवकर तापलं, आणि त्या पाण्यानं आंघोळ करून बाबा कामावर गेले.

त्याच दिवशी भोंगा झाल्यावर देवरावकाका आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांना ती प्रत कोणीतरी फॅक्टरीत दाखवली होती, त्यांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली होती. बाबा खाली पाहत होते. मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं ते ओरडतील, आणि ते ओरडावेत म्हणून मी मनात हात जोडत होते.

"खोटं असतं तर मी भांडलो असतो, बाई," ते म्हणाले. "एक शब्द खोटा नाही लिहिला तू. आता मी कोणाशी भांडू?"

मग ते बाबांकडे वळून म्हणाले, चलो, निघतो, ती एकटी आहे घरी.

जे आजवर दमा होतं त्याला आता नाव मिळालं होतं, आणि नावाची लोकांना भीती वाटते. लाइनीतल्या दोन घरांनी इस्टेटच्या कचेरीत अर्ज दिला की अशी बाई मुलाबाळांत राहणं बरं नव्हे. कचेरीचं पत्र आलं, काकूंना दुसरीकडे हलवा म्हणून. कल्याण अधिकाऱ्यांनी मदत म्हणून ग्वाल्हेरला जागा मिळवून दिली. भल्या मनानं दिली, माझ्याच अठ्ठावीस पानांमुळे त्यांना कळवळा आला होता. अकरा वर्षं काकांनी जे टाळलं होतं ते महिनाभरात झालं.

सकाळचे नऊ वाजले असतील. दारासमोर सायकल रिक्षा उभी राहिली. काकू बाहेर आल्या त्या हिरव्या शालूत, नाकात नथ, कपाळावर मोठं कुंकू. काकांनी त्यांना लग्नाला जायचं आहे असं सांगून तयार केलं होतं, नाहीतर त्या निघाल्या नसत्या. कितीतरी महिन्यांनी त्या हसत होत्या. दारोदार पाहून सांगत होत्या, कुंदीचं लग्न आहे, लवकर या. दारांत उभ्या असलेल्या बायका आत जात होत्या. कुंदा उंबऱ्यात उभी होती, रोजच्या साडीत, दोन्ही हातांनी चौकट धरून. काकूंना ती दिसतच नव्हती. त्यांची नजर माझ्यावर आली.

"तू काहून तयार नाही झाली?" त्यांनी विचारलं.

"येते मागून, काकू."

काका समोर रस्त्याकडे पाहत होते. रिक्षा हलली तेव्हा त्यांनी शालूचा पदर चाकात जाऊ नये म्हणून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि टाकीपाशी वळेपर्यंत तो त्यांच्या मुठीत मला दिसत होता. कुंदानं दार लावून घेतलं.

चार दिवसांनी ते एकटे परत आले. त्या वर्षी गणपतीत पेटीला दुसरा माणूस बसला. पुढे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि बापलेक घमापुरला भाड्याच्या खोल्यांत राहायला गेले. काकू दोन वर्षांनी तिकडेच वारल्या. ते मला आईच्या पत्रातून कळलं, तोवर मी फर्स्ट क्लासमध्ये पास होऊन दूरच्या एका इस्पितळात नोकरीला लागले होते. तिथं मी बत्तीस वर्षं काम केलं. रोग्यांच्या खाटांपाशी बसले, त्यांच्या घरच्यांना शोधून आणलं, आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि चार ओळी लिहिल्या. वरिष्ठ नाराज असायचे. मी एक ओळ वाढवली नाही. याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत हे मला माहीत आहे. त्यानं कोणाचंही काही भरून निघालं नाही.

इस्टेटमधून निघाले आणि ऑटोवाल्याला घमापुर म्हटलं. कुंदाचा पत्ता माझ्या एका मावसबहिणीनं दिला होता. बाजाराच्या मागे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली आहे, एकटी राहते. लग्न झालं नाही की केलं नाही, मी विचारलं नाही. दार उघडून तिनं मला ओळखलं, त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही.

"इतक्या वर्षांनी काहून आली?" ती म्हणाली. मग बाजूला झाली. "अच्छा, बस."

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. तिची मराठी झिजली होती, वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच हिंदीत जायचं. बोलायला कोणी नाही, ती म्हणाली, बाबा गेले त्याला बावीस वर्षं होतील, त्यानंतर घरात मराठी झालीच नाही. मी माफीचे शब्द चाळीस वर्षं तयार करून ठेवले होते. ते काढायला लागले तर तिनं हातानं थांबवलं.

"ते राहू दे. मला सांग, तुझ्याजवळ ते आहे का? तू लिहिलेलं."

मला कळलंच नाही. ती सांगत गेली, खाली पाहत. बाबांनी कधी पत्र लिहिलं नाही, कारण ते कधी घर सोडून राहिलेच नाहीत. आवाज कुठे भरलेला नाही. फोटो एकच, कारखान्याच्या पासवरचा. आणि आता तिला बाबा बोलायचे कसे ते आठवेनासं झालं होतं. चेहरा यायचा, तोंड हलायचं, शब्द यायचे नाहीत. तिनं त्या वेळी रागानं ती प्रत हातातही घेतली नव्हती. आता वाटतं वाचावं, ती म्हणाली, आईबद्दल ते तुझ्याजवळच बोलले, माझ्याजवळ कधी नाही बोलले.

"माझ्याजवळ होतं ते मी सगळं जाळलं, कुंदा."

"सगळं?"

"सगळं."

चहा उकळून वर आला. तिनं गॅस बंद केला. मी म्हणाले, मला पाठ आहे. मला खरंच पाठ होतं. अठ्ठावीस पानांतली एकही ओळ मी विसरले नव्हते, विसरायचा प्रयत्न करूनसुद्धा. ती येऊन समोर बसली, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी.

"सेवार्थी ने बताया," मी सुरू केलं, "कि पत्नी जब अस्वस्थ होती है, तब वह उसके आँचल का छोर मुट्ठी में लेकर दिन भर बैठा रहता है।"

कुंदा ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आँचल नसतील म्हणाले. बाबा घरात हिंदी नव्हते बोलत. काय म्हणाले होते? पदर म्हणाले का? का शेव म्हणाले?"

मी डोळे मिटले. ती खोली आली, पेटीचा सूर आला, काकूंचे विणणारे हात आले, काकांचं काळं नख आलं. त्यांचे ओठ हलताना दिसले. मला लिहू नको म्हणाले ते त्यांच्या शब्दांत ऐकू आलं, दारात उभं राहून म्हणाले तेही आलं. पण जे मी लिहून घेतलं होतं, त्यातलं एक वाक्यही त्यांच्या तोंडून येईना. तिथं सगळीकडे माझीच स्वच्छ, सुंदर हिंदी होती.

"आठव नं," कुंदा म्हणाली.

मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागले.